रोडरनर आणि कायोटी: १९४९ च्या त्या सात मिनिटांबद्दल

फ्रेमगणित

मी व्हिडिओ संकलनाचं काम करतो. मालिका, जाहिराती, सुरुवातीला लग्नाचे व्हिडिओसुद्धा केले. दिवसभर टाइमलाइनवर कट दोन फ्रेम पुढे, एक फ्रेम मागे करत बसायचं, हाच धंदा. गेल्या रविवारी नऊ वर्षांच्या लेकीला शेजारी बसवून 'फास्ट अँड फरी-अस' लावलं. गाड्यांचे सिनेमे नव्हेत. हे वॉर्नर ब्रदर्सचं कार्टून सप्टेंबर १९४९ मध्ये अमेरिकेतल्या थिएटरांत लागलं. रोडरनर हा पळणारा पक्षी आणि त्याच्या मागे लागलेला कायोटी, म्हणजे अमेरिकेतला कोल्ह्यासारखा प्राणी, यांची ही पहिली भेट. दिग्दर्शक चक जोन्स, कथा मायकेल माल्टीज, संगीत कार्ल स्टॉलिंग. जेमतेम सात मिनिटं.

ते संपल्यावर लेकीच्या आग्रहाखातर पुढचे तीन-चार भागही पाहिले. त्यातल्या एकात कायोटी कड्यावरून खाली गेला. वरून पाहतोय आपण. तो लहान लहान होत गेला, ठिपका झाला, दिसेनासा झाला. मग काहीच नाही. मग खोल तळाशी धुळीचा एवढासा पुंजका उठला. लेक हसून हसून लोळली आणि मग एकदम गंभीर होऊन विचारलं, "बाबा, तो पडल्यावर धूळ लगेच का नाही उडत?"

वीस वर्षं हेच काम करतोय, पण इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. कारण सगळं हसू त्या 'लगेच नाही'मध्येच आहे.

चक जोन्सने याचं गणित स्वतःच सांगून ठेवलंय. सिनेमाच्या एका सेकंदात २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चित्रं, असतात. कायोटी कडा सोडून दिसेनासा होईपर्यंत १८ फ्रेम, आणि तिथून तळाला आपटेपर्यंत १४ फ्रेम. १३ केल्या तर हसू येत नाही, १५ केल्या तरी येत नाही, असं त्याचं म्हणणं. एका फ्रेमचा फरक म्हणजे सेकंदाचा चोविसावा भाग. ज्यांनी कधी कट लावलाय त्यांना हे पटेल. बाकीच्यांनी माझ्यावर विश्वास ठेवा, एका फ्रेमने विनोद मरतो.

आता पहिल्याच भागातला बोगदा बघा. कायोटी रंगाची बादली आणि ब्रश घेऊन येतो. रस्त्यावरचा पांढरा पट्टा वळवून थेट कातळाकडे नेतो आणि कातळावर बोगद्याचं काळं तोंड रंगवतो. दगडामागे लपून बसतो. रोडरनर येतो आणि त्या रंगवलेल्या बोगद्यातून सरळ आरपार निघून जातो. कायोटी बाहेर येतो. बोगद्याकडे बघतो. मग मागे जाऊन जोरात धाव घेतो आणि कातळावर आदळतो.

मी हे दृश्य लहानपणापासून शेकडो वेळा पाहिलं असेल. परवा पहिल्यांदा नीट लक्षात आलं की रोडरनरला तो बोगदा वाटला म्हणून तो गेला. कायोटीला माहीत होतं की तो रंग आहे. ज्याने फसवायला रंगवलं त्यालाच त्या चित्रात प्रवेश नाही. आणि धावण्याआधी तो जो क्षणभर थांबतो, त्या थांबण्यात त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास जाऊन परत येतो. एक शब्द नाही, चेहऱ्याच्या चार रेषा.

माझं म्हणणं एवढंच की हे कार्टून वेगाचं म्हणून ओळखलं जातं, पण ते उभं आहे थांबण्यावर. कायोटी हवेत उभा राहतो, खाली बघतो, मग आपल्याकडे बघतो, आणि मगच पडतो. तुम्हाला यातला कुठला क्षण लक्षात राहिलाय? आणि ज्यांना यातलं संगीत, प्राणी, विज्ञान कळतं त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

सांगलीकर७९

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. १९९५ ला कार्टून नेटवर्क भारतात आलं तेव्हा आमच्या गल्लीत एकाच घरी केबल होती. शाळा सुटली की आम्ही आठ-दहा पोरं त्यांच्या पडवीत. तेव्हा सगळं इंग्रजीत असायचं. बाकीच्या कार्टूनमध्ये कोण काय बोलतंय ते आम्हाला ओ की ठो कळायचं नाही. हे एकच असं होतं की त्यात कळण्यासारखं सगळं दिसत होतं. त्या घरातल्या आजी, ज्यांना इंग्रजीचा गंध नव्हता, त्या गहू निवडता निवडता बघायच्या आणि आमच्या आधी हसायच्या. कायोटी खोकं उघडायला लागला की म्हणायच्या, "आता गं बाई, परत पडतंय बघ ते."

"ते" म्हणायच्या, "तो" नाही. आपल्या घरातल्या धडपड्या पोराबद्दल बोलावं तसं.

पाणवठा

मी सोलापूरकडचा, माळरानावर पक्षी बघत हिंडणारा. थोडं पक्ष्याबद्दल लिहितो, कारण अनेकांना रोडरनर हा कल्पनेतला पक्षी वाटतो.

तो खरा आहे. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला आणि मेक्सिकोत राहतो. शास्त्रीय नाव जिओकॉक्सिक्स कॅलिफोर्निॲनस. कार्टूनमध्ये चित्र थांबवून जी खोटी लॅटिन नावं दाखवतात ('ॲक्सेलेराती इन्क्रेडिबस' आणि 'कार्निव्होरस व्हल्गॅरिस' ही पहिल्या भागातली) ती या पद्धतीचीच नक्कल आहे.

महत्त्वाची गोष्ट अशी की रोडरनर कोकिळेच्या कुळातला आहे, म्हणजे आपल्या भारद्वाजाचा नातेवाईक. भारद्वाज बघा कसा चालतो. कुंपणाच्या कडेने, शेपूट सांभाळत, एखाद्या कारभाऱ्यासारखा. उडायचा त्याला कंटाळाच. रोडरनरही असाच जमिनीवरचा, पण तो पळतो. ताशी ३० किलोमीटरच्या आसपास. या कुळाच्या पायाची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात, त्यामुळे रोडरनरचं पाऊल मातीत फुलीसारखं उमटतं. पक्षी कुठून आला आणि कुठे गेला ते ठशावरून कळत नाही. तिथल्या प्वेब्लो या मूळनिवासी लोकांमध्ये म्हणूनच त्या ठशाला महत्त्व आहे, वाईट शक्तींना माग लागू नये म्हणून. आपल्याकडे भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो म्हणतात. दोन खंडांवरच्या दोन भावंडांना माणसांनी शुभच मानलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आणि आता खरी गोम. कायोटी ताशी ६० किलोमीटरच्या पुढे जाऊ शकतो. म्हणजे खऱ्या वाळवंटात सपाटीवर शर्यत लागली तर रोडरनर हरेल. त्याला झुडपात शिरावं लागेल किंवा थोडंसं उडावं लागेल. कार्टूनवाल्यांनी निसर्गाचं गणित उलटं केलं आणि त्यातून सगळी गोष्ट काढली.

निवडुंगाच्या देशा

पाणवठादादा, तुमच्या प्रतिसादाने राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी मूळची साताऱ्याची, गेली अकरा वर्षं ॲरिझोनात टुसॉनला आहे. रोडरनर आमच्या मागच्या अंगणात येतो.

पहिली गोष्ट म्हणजे तो 'बीप बीप' अजिबात करत नाही. नर उतरत्या सुरात कण्हल्यासारखा घुमतो, कुत्र्याचं पिल्लू कुंई कुंई करतं ना, तसंच काहीसं. चोच कटकट वाजवतो. थंडीतल्या सकाळी तो भिंतीवर उन्हाकडे पाठ करून बसतो आणि पाठीवरची पिसं उचलतो. आत काळी कातडी असते, ती ऊन शोषते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं याला काहीतरी लागलंय. शेजारच्या बाईंनी समजावलं की तो शेकतोय. आपल्याकडे म्हातारी माणसं सकाळी अंगणात पाठ शेकत बसतात तसाच.

आकाराने लांब दिसतो, पण ते सगळं शेपूट. वजन साधारण तीनशे ग्रॅम. मी तर दरवेळी विचार करते, कायोटीने पकडलाच असता तर पोट भरलं असतं का त्याचं?

कायोटी रात्री ऐकू येतात. आधी एक, मग दुसरा, मग सगळा कळप एकदम. आमच्या गावाकडची कोल्हेकुई ज्याने ऐकलीय त्याला हा आवाज परका वाटणार नाही. खरा कायोटी मात्र कार्टूनमधल्यासारखा हट्टी नसतो. ससे, उंदीर मिळाले तर ठीक, नाहीतर निवडुंगाची लाल बोंडं खातो, मेस्किटच्या शेंगा खातो, सग्वारो निवडुंगाची फळं पिकून खाली पडली की तीही. आपल्याकडे म्हणतात ना, कोल्हा काकडीला राजी. तो खरा कायोटी.

फ्रेमगणित

ताई, 'कोल्हा काकडीला राजी' वाचून मी हातातलं काम थांबवलं. कार्टूनमधला कायोटी काकडीला राजी नाही, हीच तर त्याची सगळी कहाणी. आणि दुसरी म्हणही त्याला लागू पडत नाही, कोल्ह्याला द्राक्षं आंबट. तो एकदाही म्हणत नाही की जाऊ दे, त्या पक्ष्यात तसंही काय मांस असणार. आपल्या म्हणींतले दोन्ही कोल्हे त्याच्यापेक्षा शहाणे आहेत. पण मला जीव लागतो तो याच्यावर.

'बीप बीप'बद्दल: तो आवाज पॉल ज्युलियन या पार्श्वभूमी रंगवणाऱ्या कलाकाराचा. मोठमोठी चित्रं हातात धरून तो स्टुडिओच्या बोळातून जायचा, समोरचं दिसायचं नाही, म्हणून लोकांनी बाजूला व्हावं यासाठी तोंडाने असा आवाज काढायचा, असं सांगतात. आपल्याकडे हमाल ओझं घेऊन येताना "बाजू बाजू" म्हणतात, तोच प्रकार. तोच आवाज ध्वनिमुद्रित केला. पडद्यावर त्याबद्दल त्याचं नाव मात्र आलं नाही, याची मला आजही रुखरुख वाटते. एका माणसाचा दोन अक्षरांचा आवाज अर्ध्या जगाला तोंडपाठ आहे.

न्यूटनचा_विद्यार्थी

अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. धागाकर्त्यांनी दिलेले आकडे घेऊन लगेच गणित मांडलं.

१८ अधिक १४ म्हणजे ३२ फ्रेम. भागिले २४, म्हणजे १.३३ सेकंद. एवढ्या वेळात मुक्तपणे पडणारी वस्तू जाते सुमारे ८.७ मीटर. म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून खाली. पण चित्रात दरी दिसते शेकडो मीटर खोल. ३०० मीटरचा कडा धरला तर हवेचा विरोध सोडूनही तळाला पोचायला जवळजवळ ८ सेकंद लागतील. आठ सेकंद कुणी बघत बसलं तर हसू येणार नाही, काळजाचं पाणी होईल. जोन्सने दरी खोल ठेवली आणि वेळ गच्चीचा दिला. डोळ्यांना भीती आणि पोटाला हसू, दोन्ही एकाच वेळी.

मी वर्गात हे कार्टून दरवर्षी दाखवतो. दरीवर अधांतरी थांबलेल्या कायोटीचं चित्र गोठवतो आणि विचारतो, यात काय चुकलंय? मुलं म्हणतात, तो आधीच पडायला हवा होता. बरोबर. कडा सुटल्या क्षणापासून गुरुत्वाकर्षण काम सुरू करतं, आणि पुढचा वेगही राहतो, म्हणून वाट वक्र होते. मग एखादी मुलगी हमखास म्हणते, "पण सर, त्याला कळल्यावरच तो पडतो." या वाक्यानंतर वर्गात जो गोंधळ होतो तो मला फार आवडतो, कारण त्यानंतर प्रक्षेप्याचं प्रकरण कुणी विसरत नाही.

तो पडतानाचा क्रमही बघा. आधी धड जातं, मान रबरासारखी लांबते, डोकं वरच राहतं, चेहरा आपल्याकडे. मग डोकं जातं. जडत्वाचं असं चित्र मी फळ्यावर कधी काढू शकलो नाही.

सांजवेळ

सगळे कौतुक करताय, मी वेगळं लिहिते. मला हे कार्टून लहानपणी बघवायचं नाही. सगळी भावंडं हसायची आणि मी उठून आत जायचे. मला त्या कोल्ह्याची दया यायची. उपाशी प्राणी आहे, बरगड्या दिसतात, दिवसभर मरमर मरतो आणि तो पक्षी जीभ काढून निघून जातो. शिकारी उपाशी राहावा असं आपल्याला का वाटतं? आमच्या शेताजवळ बिबट्या यायचा तेव्हा आजोबा म्हणायचे, त्यालाही पोट आहे. मला त्या सात मिनिटांत पोट दिसतं.

माझं चुकत असेल तर सांगा, पण हे मनापासून वाटलं ते लिहिलं.

फ्रेमगणित

सांजवेळ, तुमचं चुकत नाही. उलट तुम्ही थेट मुळाशी पोचलात.

चक जोन्सने लहानपणी मार्क ट्वेनचं १८७२ चं प्रवासवर्णन वाचलं होतं. त्यात कायोटीचं वर्णन आहे, हाडांचा सापळा झालेला, कायम भुकेला, दारिद्र्याची चालतीबोलती मूर्ती म्हणावी असा. जोन्सच्या मनात कायोटी रुजला तो तिथून. म्हणजे पायाशी भूकच होती. ते डोळे बघा, कडा पिवळसर, बुबुळ एवढंसं. नाक लांब आणि खाली ओढलेलं. खांदे पडलेले. त्या चित्रात रुबाब नावाला नाही. जोन्सने हेही सांगितलंय की हत्यारं-अवजारं हातात धरली की त्याची स्वतःची जी तारांबळ उडायची, ती त्याने कायोटीला दिली.

तुम्ही लहानपणी आत उठून जायचात, कारण तुम्हाला तो कुणीतरी जिवंत वाटायचा. १९४९ च्या आधीही पाठलागाची कार्टून ढिगाने होती. टॉम आणि जेरी १९४० पासून होतेच. जोन्सच्या म्हणण्याप्रमाणे त्याला या प्रकाराचं विडंबन करायचं होतं. लोकांनी ते विडंबन म्हणून घेतलंच नाही, त्या कायोटीला सरळ जवळ केलं. दुसरा भाग 'बीप, बीप' यायला १९५२ उजाडलं. पुढे गंमत अशी की १९६३ नंतर काही वर्षं टॉम आणि जेरीचीच कार्टून जोन्सच्या हाताखाली बनली.

पेटीवाला

संगीताबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून थोडं.

कार्ल स्टॉलिंग हा मूकपटांच्या काळात थिएटरात वाजवणारा माणूस. समोरच्या हालचालीला तिथल्या तिथे सूर द्यायची त्याला सवय होती. वॉर्नरमध्ये हाताशी मोठा वाद्यवृंद होता आणि वॉर्नरच्याच मालकीच्या गाण्यांचा साठा. या मालिकेच्या पुढच्या काही भागांत पाठलागाला स्मेटाना या संगीतकाराच्या 'द बार्टर्ड ब्राइड' या ऑपेरातलं विदूषकांचं नृत्य ऐकू येतं. ज्यांना नाव माहीत नाही त्यांनाही चाल ओळखीची वाटेल.

मी भजनी मंडळात पेटी वाजवतो, त्यामुळे माझं लक्ष जातं ते सम कुठे येते याकडे. कायोटी आपटतो ती सम. पण त्याआधी वाद्यवृंद एकदम गप्प होतो. तिहाई संपली आणि सम दिलीच नाही, असं वाटतं. श्रोत्याचा श्वास अडकतो. मग ती बारीकशी 'फुस्स'. धागाकर्त्यांच्या १४ फ्रेम म्हणजे ही रिकामी जागा. गवयाने समेच्या अलीकडे श्वास धरून ठेवावा आणि अख्ख्या मांडवाने मान खाली आणायला तयार राहावं, तेच.

ध्वनींचं काम ट्रेग ब्राउनचं. रोडरनर थांबतो तेव्हा जीभ काढतो आणि बाटलीचं बूच उडाल्यासारखा आवाज होतो, तो कान देऊन ऐका. पक्ष्याचा सगळा स्वभाव त्या एका आवाजात आहे.

सांगलीकर७९

पेटीवाले काका, आता परत बघताना डोळे मिटून बघणार.

नियमाने

या मालिकेचे नियम होते हे कुणाला माहीत आहे का? जोन्सने स्वतः नंतर मांडले. आठवतील ते लिहितो. रोडरनर कायोटीला स्वतः इजा करत नाही, फक्त 'बीप बीप' करतो. कायोटीला बाहेरची कुठलीही शक्ती त्रास देत नाही, त्याचा स्वतःचा वेंधळेपणा किंवा ॲक्मे या कार्टूनमधल्या काल्पनिक कंपनीची वस्तू, एवढंच. रोडरनर रस्ता सोडत नाही, नाहीतर त्याला रोडरनर का म्हणायचं. संवाद नाहीत. जागा एकच, नैर्ऋत्य अमेरिकेचं वाळवंट. सगळं सामान ॲक्मेचं. शक्य तिथे गुरुत्वाकर्षण हाच कायोटीचा सर्वांत मोठा शत्रू. कायोटीला जखमेपेक्षा फजिती जास्त व्हावी. आणि माझा आवडता, कायोटी केव्हाही थांबू शकतो, हट्टाने पछाडलेला नसता तर.

जुनी_रीळं

नियमाने, यादी बरोबर आहे, पण एक भर घालतो. मायकेल माल्टीजला, म्हणजे ज्याने या गोष्टी प्रत्यक्ष लिहिल्या त्याला, पुढे एका मुलाखतीत या नियमांबद्दल विचारलं तर त्याने असे काही नियम कधी ऐकलेच नसल्याचं सांगितलं. आणि प्रत्यक्ष भागांतही नियम मोडलेले दिसतात. पहिल्या भागाचा शेवटच घ्या. कायोटी 'बीप बीप' ऐकून रस्त्यात उडी मारतो आणि समोरून येते बस. बसमध्ये मागे रोडरनर बसलेला. बस ही बाहेरची शक्ती झाली की नाही?

ॲक्मेचंही तसंच. पहिल्या भागात ॲक्मेच्या खोक्यातून उडण्याचा पोशाख येतो. तो घालून कायोटी कड्यावरून झेप घेतो आणि धोंड्यासारखा खाली जातो. पण त्याच भागातला बर्फाचा प्रकार त्याने घरच्या घरी जमवलाय. पाठीवर फ्रीज बांधलाय, त्यातून बर्फ पडत जातो आणि त्यावर तो वाळवंटात स्की करतो. बर्फ संपतो तेव्हा कडाही संपलेला असतो. सामानाची पार्सलं मागवण्याचा पायंडा पुढे पडला.

कायोटीचं 'वायली' हे नावही पहिल्या भागात नाही. ते आलं १९५२ च्या 'ऑपरेशन: रॅबिट'मध्ये, जिथे तो बग्ज बनी या सशाच्या मागे लागतो आणि चक्क बोलतो, मेल ब्लँकच्या आवाजात. स्वतःला प्रकांड बुद्धिमान म्हणवतो. मला तो बोलका कायोटी रुचत नाही. बोलला की तो वकील वाटतो, गप्प असला की आपल्यातला.

नियमाने

माहितीसाठी धन्यवाद, माल्टीजचं ठाऊक नव्हतं. तरी मला वाटतं नियम आधी लिहिले की नंतर, याने फार फरक पडत नाही. माझी आई पुरणपोळी करते तेव्हा तिला प्रमाण विचारा, सांगता येत नाही. पण मी शेजारी बसून मोजलं तर दरवेळी तेच निघतं. जोन्सने वर्षानुवर्षं करून झाल्यावर आपल्या हाताला काय सवय लागली ते लिहून काढलं असेल.

जुनी_रीळं

हे पटलं. पुरणपोळीचं उदाहरण मी इतरत्रही वापरणार, तुमच्या परवानगीने.

हात बदलला की काय होतं त्याचा पुरावाही आहे. वॉर्नरचा कार्टून स्टुडिओ बंद झाल्यावर, १९६५-६६ मध्ये, रूडी लारिव्हाने ११ भाग केले. तेच दोघे, तोच कडा, तेच 'बीप बीप'. पैसे कमी होते, संगीत तेच ते परत परत वापरलेलं. कुणाच्याही कष्टाला नावं ठेवायची नाहीत, हातात जे होतं त्यात त्यांनी केलं. पण पडण्याआधीचा तो श्वास तिथे नाही. पात्रं हलतात आणि आपण बघतो, एवढंच होतं.

पार्श्वभूमीही बघा. पहिल्या भागात पीटर अल्वाराडोने रंगवलेलं वाळवंट खऱ्यासारखं आहे, दगडाला दगडाचं वजन. १९५० च्या दशकात मॉरिस नोबलची मांडणी आणि फिलिप डीगार्डचे रंग आले तसतशी जमीन सपाट पट्ट्यांची होत गेली. आकाश पिवळं, कडे जांभळट, ढग नुसते कापून चिकटवल्यासारखे. कायोटी जितका एकटा दिसायला हवा तितकी जागा त्याच्याभोवती रिकामी केली. १९६१ च्या 'बीप प्रिपेअर्ड'ला ऑस्करचं नामांकन मिळालं, त्यातले रंग थांबवून थांबवून बघा.

निवडुंगाच्या देशा

रंगांबद्दल साक्ष देते. इथे पावसाळी ढग येतात त्या संध्याकाळी, जुलै-ऑगस्टमध्ये, डोंगर खरोखर जांभळे होतात आणि आकाश पिवळं राहतं. दहा-पंधरा मिनिटं. मला आधी ते कार्टूनवाल्यांचं मनचं वाटायचं.

सांजवेळ

परवाच्या चर्चेनंतर मी 'बीप, बीप' पूर्ण पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा, न उठता. पाण्याचा पेला ठेवलेला प्रसंग आहे ना, फुकट पाणी अशी पाटी, आणि पेला उचलला की सुरुंग उडणार. रोडरनर पाटी दाखवतो, रोडरनरना वाचता येत नाही आणि ते पीतही नाहीत. पुढे तहानेने जीव गेलेला कायोटी तिथेच येतो आणि तोच पेला उचलतो.

इथे मला हसू आलं. मग लगेच वाईट वाटलं, आणि मग परत हसू आलं. तहानेने तो स्वतःचंच विसरला होता. परवा मी गॅसवर दूध ठेवून ते उतू जाऊ नये म्हणून बाजूलाच उभी होते, आणि उभी असतानाच उतू गेलं. तेव्हा हाच पेला आठवला.

पाणवठा

१९८० चा 'सूप ऑर सॉनिक' कुणी पाहिलाय का? त्यात कायोटी शेवटी पोचतो. पण एका पाइपातून जाता जाता तो स्वतः एवढासा झालेला असतो आणि रोडरनर प्रचंड. तो पक्ष्याच्या भल्यामोठ्या पायाला बिलगतो, वर बघतो, आणि आपल्याकडे वळून पाट्या दाखवतो. तुम्हाला मी त्याला पकडायला हवं होतं ना, मग आता मी काय करू?

जंगलात असं मी एकदा पाहिलंय. कोल्ह्याची दोन पिल्लं माळावर टिटवीच्या मागे लागली होती. टिटवी पंख मोडल्यासारखं लंगडत त्यांना घरट्यापासून लांब नेत होती. एक पिल्लू खरोखरच तिच्या अगदी जवळ पोचलं, आणि थांबलं. पुढचा पाय उचललेला, तसाच हवेत. टिटवी उडाली. पिल्लू तिथेच बसलं आणि आईच्या दिशेने बघायला लागलं. मी दुर्बीण खाली ठेवली.

कांद्याची_साल

नमस्कार. मी पुण्यात ॲनिमेशन शिकते, दुसरं वर्ष. एवढे दिवस नुसती वाचत होते. धागाकर्ते काका, तुमच्या १३-१४-१५ वर माझा विश्वास बसला नव्हता, म्हणून काल रात्री करून पाहिलं.

कायोटी काढला नाही. साधा काळा ठिपका, वरून दिसणारी दरी म्हणून दोन तिरक्या रेषा, आणि तळाला धुळीसाठी तीन चित्रं. १८ फ्रेममध्ये ठिपका लहान होत नाहीसा. मग रिकामी दरी. एकात १३ फ्रेम, एकात १४, एकात १५. कुठलं कोणतं ते फायलीच्या नावात न लिहिता हॉस्टेलमधल्या सहा मैत्रिणींना दाखवलं. आवाज नाही, रंग नाही, चेहरा नाही.

पहिल्या वेळी कुणीच हसलं नाही, नुसता ठिपका होता ना. मग मला सांजवेळ ताईंचं आठवलं. मी ठिपक्याला दोन लांब कान काढले, आणि पडण्याआधी ८ फ्रेम तो तसाच हवेत ठेवला. कान आधी ताठ, मग हळूच खाली. बाकी काही बदललं नाही.

तेव्हा चौघी हसल्या, १४ वाल्याला. एकीला १५ आवडलं. आणि एक म्हणाली, "परत लाव, त्याचे कान बघू दे."

फ्रेमगणित

बाळा, ते तिन्ही तुकडे इथे चढव. माझी लेक बघायला बसली आहे.